डाव्या दाराची फट

आत्याच्या शेडसमोरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी हट्टी मुलाला जेवू घालतंय.

"ये, ये, अजून थोडी. हां, अश्शी. आता गप बस हं, हलायचं नाही."

आणि मग ठण्, ठण्, ठण्.

आत डोकावलं तर मूल वगैरे काही नाही. पंचावन्न वर्षांची एक बाई, कमरेला कातडी एप्रन, केसांवर घट्ट रुमाल, डाव्या हातात हातोडी, उजव्या हातात पत्र्याच्या पाठीला लावलेला लोखंडी ठोकळा, आणि समोर कुणाच्या तरी गाडीचं चेपलेलं मडगार्ड. ही आमची आत्या. धंद्याने डेंटर. पोचा काढणं हे तिचं काम, आणि पत्र्याशी बोलणं ही तिची खोड. पत्रा ऐकतो, असं तिचं म्हणणं. तिचे यजमान म्हणजे आमचे काका. काकांचं मत असं की घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणून ती पत्र्याशी बोलते.

काका पेंटर. शेड एकच, मधे प्लॅस्टिकचा जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे लोखंड, पलीकडे रंग. कामाच्या वेळी दोघं एकमेकांना नवरा-बायको म्हणून ओळखसुद्धा देत नाहीत.

"अहो पेंटर, मडगार्ड घेऊन जा."

"झालं? हात फिरवून बघितलंस, मिस्त्री?"

"तुम्हीच फिरवा."

काका डोळे मिटून तळहात फिरवत. कुठेतरी थांबत. "इथे जरा खड्डा आहे. राहू दे, मी पुट्टी भरतो."

हा शब्द ऐकला की आत्या मडगार्ड परत ओढून घेई. पुट्टी म्हणजे खड्डे बुजवायचा रंगाऱ्याचा लगदा. काकांचा तो जीव की प्राण, आणि आत्याच्या दृष्टीने शुद्ध थाप. "पुट्टी म्हणजे पत्र्याच्या तोंडून खोटं बोलायला लावणं," असं ती म्हणायची. काका पुट्टीचा डबा उघडायचे, ती झाकण लावायची. लग्नाला तीस वर्षं झाली, त्या झाकणाला विश्रांती म्हणून नाही.

शेड आजोबांची. आजोबांनी माझ्या बाबांना आणि आत्याला, दोघांनाही हातोडी धरायला शिकवलं. पण आत्या डावखुरी. "डाव्या हाताचा ठोका उलटा पडतो, बघणाऱ्याला कळतो," हे आजोबांचं ठाम मत. म्हणून दारं, बॉनेट, मडगार्ड असलं नजरेत भरणारं काम बाबांना, आणि गाडीचा तळ, चासी, जिथे कुणी वाकूनसुद्धा बघत नाही ते सगळं आत्याला. वर आजोबा पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "मी माझ्या लेकरांत कधी डावं-उजवं केलं नाही." आत्या तेव्हा गाडीखाली आडवी पडलेली असायची. ती तिथूनच म्हणायची, "हो ना!"

पुढे बाबांनी हातोडी सोडून बँकेतली खुर्ची धरली. आजोबा गेले. शेड आत्याकडे आली, बाहेरचं कामही आलं. पण काय काम? कुणाचा पोचा, कुणाची घासलेली कड. अख्खी बॉडी, दारापासून शेपटीपर्यंत स्वतःच्या हाताने ठोकून उभी करायची, असं काम तिच्याकडे कुणी आणलंच नव्हतं. आणि तिनेही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. पत्र्याला सांगितलं असेल तर माहीत नाही.

मग एके दिवशी सकाळी शेडच्या दारात एक ट्रेलर थांबला. ट्रेलरवर ताडपत्री, आणि पुढच्या गाडीतून उतरल्या एक बाई. पांढरेशुभ्र आखूड केस, ताठ कणा, पायात मुलांसारखे कॅनव्हासचे बूट.

"इथे पत्र्याचं काम कोण करतं?"

"मी."

"मी डेंटिस्ट," बाई म्हणाल्या. "आता निवृत्त."

"मी डेंटर," आत्या म्हणाली. "निवृत्त व्हायला वेळ आहे."

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. काका सांगतात, काम तिथेच ठरलं, बाकीचं नुसतं बोलणं होतं.

ताडपत्री काढली. खाली दोन माणसांची, उघडी, बुटकी स्पोर्ट्स कार होती. होती म्हणजे एकेकाळी. तीस वर्षं ती कुणाच्या तरी गोदामात गवताच्या गंजीखाली पडून होती, आणि गंजीखाली राहून गंजलीच होती. हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. हेडलाइटच्या जागी दोन खोबण्या. पण पाठीवरून शेपटीकडे जाणारी रेघ! काका पडद्याआडून आले आणि नुसते "आई गं" म्हणाले. रंगाऱ्याला असं उगाच होत नाही.

आत्या पुढे झाली. बोट दुमडून ती पेराने गाडी वाजवत निघाली. टक, टक, टक. उजवीकडून सुरुवात. तिथे आवाज खणखणीत. डावीकडे आली तसा आवाज बसला. टक, थप, थप. एका जागी पेर सरळ आत गेलं.

"कीड," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आम्ही गंज म्हणतो."

"मला कीडच दिसते. किती खोल आहे?"

"आतून सगळं पोखरलंय. मागचं डावं मडगार्ड, दाराखालचा उंबरठा, दाराच्या मागचा खांब. चासीही खाल्लीय, पण चासीची काळजी नको, तो माझा प्रांत. उजवी बाजू मात्र धडधाकट आहे."

"नेमकी डावीच गेली का?" डॉक्टरबाईंनी डाव्या दारावर हात ठेवला. "गाडी बाबांची. दोनच सीट, त्यामुळे भावंडांपैकी एकालाच न्यायचे. मी सगळ्यांत मोठी, म्हणून ही जागा माझी. मी सात वर्षांची असल्यापासून ही बाजू माझी."

मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांच्या भाच्याला हे सगळं वेडेपण वाटत होतं. त्याने एका मोठ्या कारखान्यात बोलून ठेवलं होतं. तिथे असल्या गाड्यांच्या अख्ख्या नव्या बॉड्या मशीनवर काढून मिळतात. जुनी बॉडी भंगारात, नवी चासीवर. दोन महिन्यांत गाडी चकाचक.

"मला चकाचक नको. मला हीच हवी," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

"नाही जमलं तर मी स्वतः ट्रेलरवर चढवून देईन," आत्या म्हणाली.

ट्रेलर रिकामा परत गेला.

पहिले दोन महिने चासीचे. आत्या त्या दिवसांबद्दल बोलते ते माहेरपणाबद्दल बोलावं तसं. बॉडी वर उचलण्याआधी तिने दोन्ही दारांच्या जागी आडवे पाइप झाळून घेतले. छप्पर नसलेल्या गाडीचा उंबरठा गंजलेला असला आणि तिला तशीच उचलली, तर ती मधे पुस्तकासारखी मिटते. मग बॉडी साखळीने वर टांगली आणि खालची चासी उघडी पडली. दोन लांब पोकळ लोखंडी पेट्या, मधे आडव्या पट्ट्या, झोपवलेल्या शिडीसारख्या. मागच्या चाकांवर जिथे ती वळते तिथे भगदाड. आत्याने कुजलेलं कापलं, खालचं चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापलं, नवे तुकडे बसवले, झाळले, घासले. वाळूच्या फवाऱ्याने सगळा गंज झाडला, तांबडा रंग मारला, आणि पेट्यांच्या पोटात गरम मेण ओतलं, आतून पुन्हा पाणी धरू नये म्हणून.

"मेण कोण बघणार आहे?" काकांनी विचारलं.

"पाणी बघेल," आत्या म्हणाली.

चासी झाली. बॉडी पुन्हा तिच्यावर टेकवली. आणि आता आली डावी बाजू.

इथे आत्याने तेच केलं जे आजोबांनी शिकवलं होतं. एक बाजू शाबूत असली की दुसरीचं माप तिच्यावरून काढायचं. उजव्या बाजूला पुठ्ठे लावले, आकार उतरवून घेतला, पुठ्ठे उलटे केले, झाला डाव्या बाजूचा फर्मा. मग ती कापायला लागली. डावं मडगार्ड आणि त्याला जोडलेला दाराचा खांब, दोन्ही एका तुकड्यात निघाले. हातात घेताच कडा झडल्या.

आजोबांचा आणखी एक नियम होता. नवा तुकडा बसेपर्यंत जुना शेडबाहेर जाऊ द्यायचा नाही. पण त्याच दिवशी भंगारमामा हातगाडी घेऊन दारात आले.

"काही आहे का, ताई?"

"ही चाळणी घेऊन जा बाबा. पायात येते नुसती."

पुढचा महिनाभर शेडमधून ठोक्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. आणि बोलण्याशिवाय. "अगं, अशी काय वाकतेस? पाठ सरळ. शाबास." सपाट पत्र्यातून मडगार्डची फुगीर पाठ उभी राहिली. काकांनी डोळे मिटून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. डबा उघडायला निमित्त सापडेना. "बरं आहे," ते म्हणाले. तीस वर्षांत एवढं कौतुक पहिल्यांदाच.

मडगार्ड जागेवर धरलं, शिकंजे लावले, डावं दार अडकवलं आणि लोटलं.

दार बसेना.

वर करंगळी जाईल एवढी फट, खाली नखसुद्धा शिरणार नाही. जोर लावला तर खालचा कोपरा खांबावर घासून कचकन अडकायचा.

"चासी पिळली," आत्या म्हणाली. चासी तिची, चासीत चूक म्हणजे काय! तिने चार कोपऱ्यांना ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या, दोऱ्या तिरक्या ताणल्या, पुन्हा पुन्हा मापलं. दोऱ्या केसाचा फरक दाखवीनात. चासी सरळ होती.

"मग मडगार्ड चुकलं."

पुठ्ठे पुन्हा लावले. फर्म्याबरहुकूम होतं.

"मग दारच ताणलं गेलंय. इतकी वर्षं लोंबकळून."

"मिस्त्री," काका हळूच म्हणाले, "खालचा कोपरा जरा घासू, वरच्या फटीत दोन बोटं पुट्टी..."

"डबा बंद करा."

"अगं, कुणाला दिसणार नाही."

"मला दिसेल!" आत्या ओरडली. मग गाडीला टेकून जमिनीवर बसली. "आयुष्यभर कुणाला दिसणार नाही असलंच काम केलं मी. हे एक दिसणारं होतं."

काकांनी डबा बंद केला. त्या दिवशी झाकण त्यांनी स्वतः लावलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. आत्याने लपवाछपवी केली नाही. दार लोटून दाखवलं.

"बसत नाहीये," ती म्हणाली. "का, ते कळत नाहीये. चासी सरळ आहे, मडगार्ड मापात आहे."

डॉक्टरबाईंनी फटीत करंगळी घातली. ती खाली खाली सरकवत नेली, अडेपर्यंत.

"भाच्याने येत्या सोमवारचा ट्रेलर सांगून ठेवलाय," शेवटी त्या म्हणाल्या. "मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. मला आता फार वर्षं थांबवत नाही हो. सीटवर बसायचंय एकदा."

"मी शब्द दिलाय," आत्या म्हणाली. "सोमवारपर्यंत दार बसलं नाही तर मी स्वतः चढवून देते."

"आज मंगळवार."

"माहीत आहे."

डॉक्टरबाई निघाल्या आणि दारातून परत फिरल्या. पर्समधून त्यांनी एक छोटी डबी काढली. आत निळ्या, पातळ कागदाच्या पट्ट्या.

"सवय जात नाही, अजून पर्समध्ये असतात. नवा दात बसवला की आम्ही हा कागद चावायला देतो. जिथे दात उंच होतो तिथे निळा डाग पडतो. धरू का इथे?"

दाराच्या कडेला वरून खालपर्यंत पट्ट्या लावल्या. काकांनी दार लोटलं, उघडलं. खांबावर वरून खालपर्यंत एकही खूण नाही. फक्त तळाशी अंगठ्याएवढा गडद निळा ठिपका.

"इथे चावतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा खांब तुम्ही कशावरून बनवला?"

"उजव्यावरून. उलटा करून."

डॉक्टरबाई हसायला लागल्या. "उजव्या दाढेवरून मी डावी बनवली असती ना, तर पेशंट खुर्चीसकट माझ्या अंगावर आले असते. कुणाचेच दोन्ही जबडे सारखे नसतात, मिस्त्रीणबाई!"

"तोंडाची गोष्ट वेगळी. ही कारखान्यात झालेली गाडी आहे."

"कसला कारखाना! बाबा सांगायचे, दहा-बारा माणसांची शेड होती. महिन्याला चार गाड्या निघायच्या. साचे नाहीत, मशीन नाही. सगळं हातोडीने."

आत्या थबकली. तिने खिशातली टेप काढली आणि उजव्या दाराची खालची कड मापली. मग डाव्या दाराची. डावं दार खाली बोटभर लांब होतं, आणि त्याची मागची कड जास्त तिरकी. हे तिने आधीही मापलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, दार ताणलंय. ताणलेल्या पत्र्यावर सुरकुती पडते. ह्या दारावर एकही सुरकुती नव्हती.

"दार बरोबर आहे," ती म्हणाली. "दार पहिल्यापासून असंच आहे. खांबही तसाच तिरका असणार. आणि तो खांब मी..."

तिने काकांकडे बघितलं. कुणावर ढकलता येतंय का ते बघत होती बहुतेक. कुणीच नव्हतं.

"भंगारात दिला," काकांनी वाक्य पुरं केलं.

काका सांगतात, त्यानंतर डॉक्टरबाईंना कुणी निरोपसुद्धा दिला नाही. आत्या एप्रनसकट रस्त्यावर.

भंगारमामांचं आवार दोन गल्ल्या सोडून. भिंतीला टेकलेल्या सायकली, पत्र्याच्या थप्प्या, बाटल्यांचे ढीग, आणि मधोमध खुर्ची टाकून मामा.

"मामा, मी दिलेलं मडगार्ड! हिरवं, सडकं. वितळवायला धाडलं का?"

"ते? नाही बा." मामा खुर्चीतून हललेही नाहीत. "ते राहत्या वस्तीत आहे."

"म्हणजे?"

मामांनी हनुवटीने कोपरा दाखवला. भिंतीला लागून चार विटांवर आत्याचं हिरवं मडगार्ड पालथं, आणि त्याच्या खाली एक तांबूस कुत्री, पोटाशी चार पिल्लं. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते.

"मामा, मला ते परत हवंय."

"घ्या की. पण तिला तुम्ही सांगा."

आत्या दोन पावलं पुढे गेली. कुत्रीने मान उचलली आणि घशातल्या घशात आवाज काढला.

"बाळंतीण आहे ती, ताई. डोक्यावरचं छप्पर असं काढून नेतात का? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"तुमच्याकडे एवढा पत्रा पडलाय, दुसरा घाला ना!"

"घातला होता. सपाट पत्र्याखाली ती बसत नाही. हिला गोल पाठ लागते, उबेला. मोठी शौकीन आहे."

आत्याने कुत्रीकडे बघितलं, मडगार्डकडे बघितलं. आणि वळली. अर्ध्या तासाने आली ती खांद्यावर नवंकोरं मडगार्ड घेऊन. महिनाभर ठोकलेलं, काकांना बोट ठेवायला जागा न सापडलेलं, उजव्यावरून उलटं करून बनवलेलं.

मामा पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. "हे? कुत्रीला? ताई, ह्याच्यात माझं थोबाड दिसतंय!"

"तिचंही दिसेल. धरा त्या बाजूने."

एकाने जुनं उचलायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने नवं टेकवायचं, अशी ती अदलाबदल झाली. कुत्रीने नव्या छपराचा वास घेतला, एक चक्कर मारली आणि पुन्हा पिल्लांपाशी आडवी झाली.

"पसंत पडलं," मामा म्हणाले.

"कुणाच्या तरी मापात बसलं म्हणायचं," आत्या म्हणाली.

जुना तुकडा शेडमध्ये टेबलावर ठेवला. खांबाची कड निम्मी गेलेली होती, पण निम्मी शिल्लक होती, आणि तिचा तिरकेपणा डाव्या दाराशी तंतोतंत जुळत होता. आता नवा फर्मा काढायचा आणि कामाला लागायचं. आत्या आतल्या बाजूला चिकटलेलं डांबरासारखं काळं खरवडत होती. डांबराखालचा पत्रा शाबूत निघाला, आणि त्यावर ठोक्यांच्या बारीक तिरक्या ओळी.

तिचा हात थांबला.

"पेंटर, इकडे या जरा."

"काय झालं?"

"उजव्या बाजूचंही आतलं काळं जरा खरवडा, बॅटरी घाला आणि ठोके कुठे झुकलेत ते सांगा."

काका उजव्या मडगार्डखाली वाकले. "आपल्या... माझ्या उजव्या खांद्याकडे."

"आणि हे?"

काकांनी टेबलावरचा तुकडा बघितला. "डाव्या खांद्याकडे. मग, ती दुसरी बाजू ना? उलटी असणारच."

"बाजू उलटी असली तरी माणसाचा हात उलटा होत नाही. घ्या हातोडी."

तिने पत्र्याचे दोन तुकडे समोर टाकले. एकावर काकांनी उजव्या हाताने दहा ठोके मारले, वेडेवाकडे. दुसऱ्यावर तिने डाव्या हाताने. मग दोन्ही तुकडे जुन्या मडगार्डशेजारी ठेवले.

काकांचे ठोके एकीकडे झुकलेले. आत्याचे दुसरीकडे. जुन्या तुकड्यावरच्या ओळी आत्याच्या ओळींशेजारी ठेवल्या, तर कुठली कुणाची ते सांगता आलं नसतं.

काकांनी तिन्ही तुकड्यांवरून आळीपाळीने बोट फिरवलं. "डावखुरा होता," ते म्हणाले.

"किंवा होती."

"बारा माणसांच्या शेडमध्ये एकाने उजवी बाजू केली आणि एका डावखुऱ्याने डावी. ज्याने त्याने आपापल्या डोळ्याने." काका हसायला लागले. "आणि तू! अख्खं आयुष्य डाव्या हाताने काम केलंस आणि विश्वास ठेवलास उजव्यावर!"

"हसू नका."

"हसू नको तर काय करू? तुझ्या बाबांना दाखवायला हवं होतं हे. डाव्या हाताचं काम, आणि तेही बाहेरचं!"

आत्याही हसली. मग तिने रुमाल पुन्हा बांधला आणि नवा पत्रा ओढला.

ह्या खेपेला ती पत्र्याशी फारशी बोलली नाही. गरज पडली नसावी. पहिलं मडगार्ड करताना प्रत्येक ठोक्याआधी तिला हात वळवून विचार करावा लागत होता. आता हातोडी उचलली की पत्रा आपसूक हवा तिथे झुकायचा. गेलेल्या कडेचं माप तिने दाराला विचारलं. महिन्याभराचं जे काम मंगळवारी वाया गेलं, ते शनिवारी संध्याकाळी नव्याने झाळून जागेवर होतं. त्या चार दिवसांत स्वयंपाक काकांनी केला, आणि तो कसा होता याबद्दल आत्याने एक अक्षर काढलं नाही. यावरून काम किती महत्त्वाचं होतं ते कळावं.

रविवारी सकाळी डॉक्टरबाई आल्या. सोबत निळ्या कागदाची डबी.

"आधी तुम्ही लोटून बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. म्हटलं, बाजू तुमची आहे."

पट्ट्या लावल्या. डॉक्टरबाईंनी दाराला दोन बोटांनी नुसता स्पर्श केल्यासारखं केलं. दार गेलं, आणि आवाज आला. खट् नाही, धप् नाही. जाड पुस्तक मिटल्यासारखा.

उघडून बघितलं. खांबावर वरून खालपर्यंत एक सरळ, बारीक, निळी रेघ. कुठे गडद नाही, कुठे तुटलेली नाही.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "असा चावा मी चाळीस वर्षांत चार वेळा बसवला असेल," त्या म्हणाल्या.

मग त्या आत बसल्या. सीट नव्हतीच, रिकाम्या तळावर एक लाकडी खोका होता. त्यावर बसून त्यांनी दार ओढून घेतलं, कोपर दारावर टेकवलं आणि फोन लावला.

"हां, मी बोलतेय. उद्याचा ट्रेलर नको... नाही, बसलं... अरे, दार बसलं! मी गाडीतूनच बोलतेय." मग त्या काकांकडे वळल्या. "अहो, तुम्ही बसा ना इकडे. नुसतं एकटं बसलं की गाडीत बसल्यासारखं वाटत नाही."

काका चालवणाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. तिथे खोकाही नव्हता. ते उकिडवे बसले, नसलेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाने घर्रर्र केलं.

"बाबा असं वळण घ्यायचे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि डावीकडे कलल्या. काकाही कलले. पडता पडता वाचले.

आत्या गाडीच्या डाव्या अंगाला वाकून उभी होती. तिचं गाडीतल्या दोघांकडे लक्षच नव्हतं. ती फटीत नख फिरवत होती.

"वरच्या बाजूला केसभर जास्त आहे."

"नव्या दाताला आम्ही आठ दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगतो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग आठ दिवसांनी या. आणि पेंटर, ह्या मडगार्डला आतून काळं फासायचं नाही. नुसता पारदर्शक वार्निशचा हात मारा."

"आतून कोण बघणार आहे?"

"उद्या कुणाला ही गाडी पुन्हा खोलायची वेळ आली तर तो बघेल. उजव्यावरून माप काढायला नको त्याने."

काका गाडीतून उतरले. त्यांनी नव्या मडगार्डवरून तळहात फिरवला, डोळे मिटून, दाराच्या कडेपासून शेपटीपर्यंत. थांबायला जागा मिळाली नाही. मग ते पडद्याआड गेले, पुट्टीचा डबा घेऊन आले आणि झाकण टेकवून त्यावर हातोडीचे चार ठोके घातले.

झाकण वाकडं बसलं.

"द्या इकडे," आत्या म्हणाली. तिने हातोडी डाव्या हातात घेतली आणि एकच ठोका दिला.